कोंबडीचं तोंड सुजलंय? औषध आणण्याआधी खुराड्यात नीट बघा

आज मासळीचा भाव नाही, ठेक्याची नोटीस नाही. आज विषय कोंबडीचा. आपल्यातल्या बहुतेक घरांच्या मागे पाच-दहा कोंबड्या असतातच. होडी बंद असते त्या दिवसांत घरात येणारा अंड्यांचा पैसा घरच्या बाईचा असतो, आणि तो लहान नसतो. थंडी सुरू झाली की फोटो यायला लागतात: "डोळा बंद झालाय, गाल फुगलाय, काय देऊ?"

खरं सांगायचं तर नुसत्या फोटोवरून काही कळत नाही. सूज हा रोग नाही, ती खूण आहे, आणि निदान पाच-सहा कारणांनी ती येते. म्हणून आधी कोंबडी नाही, सगळं खुराडं बघा. एकच आजारी आहे की चार? कालपासून एखादी मेली का? उरलेल्या खातात का?

एकटीचाच एका बाजूचा गाल सुजलाय, ती दाणे टिपतेय, बाकीच्या धडधाकट आहेत, तर बहुधा मार लागलाय, काटा घुसलाय किंवा माशी-विंचू चावलाय. जखम धुवा, वेगळी ठेवा, दोन दिवस बघा.

आपल्याकडे जास्त दिसते ती कोंबडीची सर्दी, डॉक्टर तिला कोरायझा म्हणतात. हा जिवाणूचा रोग. नाकातून आधी पाणी, मग घट्ट शेंबूड, डोळ्याखालचा भाग फुगतो, डोळा चिकटतो. आणि वास! नाकाजवळ नेलं की कुजका वास येतो, एकदा आला की विसरत नाही. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणून सोमवारी एक असेल तर गुरुवारी चार होतात. मरतात कमी, पण अंडी एकदम तुटतात.

डोळ्यात साबणासारखा फेस, रात्री खुराड्यातून घरघर, आणि हे सगळं हळूहळू, आठवडेच्या आठवडे चाललंय, तर तो सीआरडी. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या धरल्या असतील तर देवी. ती डासांमुळे पसरते आणि तिच्यावर मारक औषध नाही. खपल्या ओरबाडू नका, डोळा स्वच्छ ठेवा, निरोगी कोंबड्यांना लस द्या. फक्त चोचीखाली लोंबणारं लाल मांसच सुजलं असेल तर कोंबडीचा कॉलराही असू शकतो. डोळ्यात पांढरा, पनीरसारखा गोळा साठला आणि अंगावर तेज नाही, तर अ जीवनसत्त्व कमी पडलंय का ते बघा. शेवग्याचा पाला, पालक, मेथी रोज मूठभर द्यायला पैसे लागत नाहीत.

आपल्या घरचीच एक गोष्ट मध्येच सांगतो. मासळी साफ केली की डोकी, आतडी कोंबड्यांना टाकतो. ताजी असेल तर चांगलंच आहे. पण खारवलेली सुकी मासळी टाकू नका. कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही, ती पाणी पीतच राहते, पातळ हगते, जास्त झालं तर मरते. कुजलेल्या, अळ्या पडलेल्या मासळीने मान लुळी पडते. ते विष असतं, सर्दी नव्हे.

आता उपचार. आजारी कोंबडी त्याच तासाला वेगळी करा. तिचं पाण्याचं भांडंसुद्धा वेगळं, कारण सर्दी पसरते ती मुख्यतः पाण्याच्या भांड्यातूनच. एक लिटर पाणी उकळा, दीड छोटा चमचा मीठ टाका, कोमट झालं की कापसाने डोळे-नाक पुसा, दिवसातून दोन-तीन वेळा. सूज दाबून पिळू नका, आत घट्ट पू असेल तर तो डॉक्टरने काढायचा. ऊब द्या, वारा अडवा, पण खुराडं कोंदट ठेवू नका. विष्ठेच्या उग्र वासानेच डोळे बिघडतात. कोरायझावर सल्फा, ऑक्सीटेट्रासायक्लिन अशी औषधं चालतात, पण कोणतं, किती आणि किती दिवस हे पशुवैद्याने ठरवायचं. मेडिकलवाल्याने दिलेली माणसाची गोळी अर्धी करून चारणं बंद करा. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढे अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत.

बरी झालेली कोंबडीही रोग अंगात बाळगते. नवी पिल्लं आणली की त्यांना तोच रोग. म्हणून बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवायची. दिलासा इतकाच की हा जिवाणू बाहेर फार टिकत नाही. खुराडं रिकामं करून धुतलं, चुना मारला, काही दिवस उन्हात मोकळं ठेवलं की जागा साफ होते.

पण सूज पूर्ण डोक्यावर आहे, तुरा निळा-जांभळा पडलाय, पायांवर रक्ताचे डाग आहेत, आणि काल चांगल्या असलेल्या कोंबड्या आज पटापट मरताहेत, तर वरचं सगळं विसरा. तो बर्ड फ्लू असू शकतो, रानीखेतही असू शकतो. नुसतं बघून डॉक्टरलाही फरक सांगता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो.

सुरत-धुळे रस्त्यावरच्या नवापूरला 2006 च्या फेब्रुवारीत हेच झालं. सुरुवातीला रानीखेत समजले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला, आणि तो देशातला पहिला होता. गुजरातच्या बाजूला उच्छलपर्यंत पोचला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, घरामागच्या कोंबड्यांत सापडला. म्हणजे हा फक्त मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचा प्रश्न नाही. आपल्या वडोदरा जिल्ह्यातही जानेवारी 2021 मध्ये सावली तालुक्यात मेलेल्या कावळ्यांत तो सापडला होता.

आणि आपला धंदा पाण्यावरचा. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात हजारो परदेशी बदकं उतरतात, लहान तलावांवरही येतात. त्यांची विष्ठा होडीत, काठावर, आपल्या बुटांना लागते. पाण्यावरून आलात की पाय, बूट साबणाने धुतल्याशिवाय खुराड्यात जाऊ नका. मेलेलं बदक किंवा बगळा दिसला तर हात लावू नका, घरी आणणं तर दूरच.

अशा वेळी आजारी कोंबडी कापून खायची सवय फार धोक्याची. शिजल्यावर विषाणू मरतो हे खरं, पण पकडताना, कापताना, पिसं काढताना तो नाका-तोंडात जातो. 2021 मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा या रोगाने दिल्लीच्या एम्समध्ये गेला. मेलेली कोंबडी नदीत, तलावात फेकू नका, जाळ्याला आमिष म्हणून तर मुळीच वापरू नका. तोंडाला रुमाल बांधा, मुलांना लांब ठेवा, 1962 ला फोन लावा किंवा तालुक्याच्या सरकारी पशु दवाखान्यात आणि तलाट्याला कळवा. डॉक्टर येईपर्यंत काही हलवू नका. 2009 च्या कायद्याने साथीच्या रोगाची खबर देणं मालकाचं कामच आहे.

लोक लपवतात, कारण सगळ्या कोंबड्या मारतील ही भीती. पण सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. उशीर केला तर कोंबड्याही जातात आणि पैसेही.

रानीखेतची लस सरकारी दवाखान्यात विचारा. एक बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोणी फोडणार नाही, म्हणून गल्लीतल्या सगळ्या घरांनी कोंबड्या मोजून एकत्र तारीख घ्या. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्यावर पकडायला सोपं पडतं.