गाडी बसते ती वजनाने

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मरोळ नाक्यापासून साकीनाक्यापर्यंत आणि आत एमआयडीसीच्या गल्ल्यांमध्ये टेंपो आणि छोट्या ट्रकांची कामं करणारी गॅरेजं वर्षानुवर्षं आहेत. हल्ली त्यांच्या दारात थार, जिम्नी, एखादी जुनी जिप्सीही उभी दिसते. पुढे जाड लोखंडी बंपर, त्यात विंच, छतावर कॅरियर, मागे जेरीकॅन, आणि मालकाची तक्रार एकच: गाडी बसलीय. शेजारून हॅचबॅक आरामात जाते त्या स्पीडब्रेकरवर यांच्या गाडीखालून 'धाड' असा आवाज येतो.

इलाज सांगणाऱ्यांची वाण नसते. पण हे इलाज बहुतेक टेंपोच्या अनुभवातून आलेले असतात आणि टेंपोचं दुखणं वेगळं आहे. टेंपोतला माल मुख्यतः मागच्या ॲक्सलवर पडतो आणि संध्याकाळी उतरतो. थारचा बंपर नाकावर असतो आणि कधीच उतरत नाही. येतं-जातं वजन आणि मुक्कामाला आलेलं वजन यांतला हा फरक विसरला, की पुढची सगळी फसगत सुरू होते.

'शॉकअप गेलेत, बदला की गाडी उठेल'

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. त्याच्या आत तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्यातून जो विरोध तयार होतो तो हालचाल चालू असेपर्यंतच. उभ्या गाडीत शॉकअप जवळजवळ काहीच उचलत नाही. गॅस भरलेला शॉकअप थोडा जोर लावतो खरा, पण विंच पेलण्याइतका नाही. तेल गळत असेल, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, तर शॉकअप बदलावेतच. उंची मात्र होती तेवढीच राहील.

या गैरसमजाला एक सबळ कारण आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या नव्या थारमध्ये पुढची स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच बसवलेली आहे. कोणी अख्खा संच बदलतो, गाडी उठते, आणि श्रेय शॉकअपला जातं. काम नव्या स्प्रिंगने केलेलं असतं.

'स्प्रिंग जुनी झाली, मऊ पडली'

हे अर्धसत्य. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा चार गोष्टींवर ठरतो: पोलाद, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या. गंजाने तार खाल्ली नसेल तर वर्षं उलटली म्हणून यातलं काहीच बदलत नाही. बदलते ती स्प्रिंगची मोकळी उंची. सतत दाबाखाली राहून पोलाद किंचित कायमचं आखूड होतं. जुन्या गाडीत हे घडतंच. पण शोरूममधून बाहेर पडून वर्षही न झालेली गाडी बसते तेव्हा वय पुढे करण्यात अर्थ नसतो. तिथे स्प्रिंग निर्दोष असते. तिच्यावर तिच्या हिशेबाबाहेरचं वजन ठेवलेलं असतं.

किती? थारच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २४५० मिलिमीटर. बंपर आणि विंच मिळून ८५ किलो आणि त्यांचा भार पुढच्या ॲक्सलच्या ७५० मिलिमीटर पुढे, असं धरू. तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर ८५ नव्हे, १११ किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल २६ किलोंनी हलका होतो. म्हणजे नाक खाली गेलं आणि शेपटी थोडी वर आली. मालकाला बसलेलं नाक दिसतं, ओल्या उतारावर हलक्या झालेल्या मागच्या चाकांची पकड दिसत नाही. प्रत्येक पुढच्या चाकाच्या वाट्याला सुमारे ५५ किलो आले. चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला अडीच किलो धरला, तर गाडी पुढून २२ मिलिमीटर बसते. ऐकायला किरकोळ. पण दाबल्या जाण्यासाठी स्प्रिंगला जी मोजकी जागा असते, तीच यात जाते. तेवढ्याने बंप-स्टॉपचं रबर लवकर टेकतं आणि धक्का थेट चासीत जातो. तो 'धाड' आवाज याचाच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी वजनकाटा गाठावा. ट्रकांसाठीचा काटा चालतो. काट्याची किमान वजनाची खूण मात्र बघून घ्यावी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. टाकी भरलेली, नेहमीचं सामान आत, माणसं बाहेर. शिवाय सपाट जागी, टायरची हवा बरोबर करून, चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांवर टेपने मोजून लिहून ठेवावी. एकाच बाजूचा कोपरा खाली असेल तर संशय वजनावर नको. तिथे स्प्रिंग तुटलेली असू शकते. मुंबईच्या दमट हवेत स्प्रिंगचा रंग जिथे उडतो तिथे गंजाचे खळगे पडतात आणि चीर तिथूनच जाते.

'एक पाटा वाढवा'

कमानी पाट्यांचा इलाज या शहराला चांगला परिचित आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. ती चारही बाजूंनी पाट्यांवर उभी होती. १९८५ ची मारुती जिप्सीही तशीच. २०१० ची थार सीआरडीई मागे पाट्यांवर, पुढे टॉर्शन बारवर होती. नव्या थारमध्ये आणि जिम्नीत पाटे नाहीतच.

सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा टाकला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. वजन जर कायमचं आणि त्याच ॲक्सलवर असेल, तर उपाय योग्य. पण पुढच्या विंचसाठी मागे पाटा टाकणं, किंवा वर्षातून एकदा लेह-लडाखला जायचं म्हणून तो वर्षभर बाळगणं, यात हाती लागते ती फक्त आदळआपट. रिकाम्या गाडीत कडक पाटे लवत नाहीत, आणि लवले नाहीत की ओढ्यातल्या दगडांवर चाक हवेत राहतं. ज्यासाठी ही गाडी घेतली तेच जातं.

पाटे तापवून पुन्हा कमान देण्याबाबत मात्र सावध राहावं. पाट्याचं पोलाद आधी लाल तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. लोहार विळ्याला पाणी देतो, तेच हे काम. गॅसच्या ज्योतीवर लाल करून, वाकवून, फरशीवर थंड व्हायला ठेवलेल्या पाट्याचं पाणी उतरलेलं असतं. दिसायला कमान सुरेख येते. एका पावसाळ्यात सपाट होते. भट्टी, तेलाची टाकी आणि तापमानावर नजर असलेलं कमानवाल्याचं दुकान असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं 'गरम करून देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

'स्पेसर टाका, स्वस्तात होईल'

स्प्रिंगच्या वर किंवा खाली बसणाऱ्या चकतीने उंची परत येते, कडकपणा तसूभरही वाढत नाही. वजनदार गाडी खड्ड्यात तेवढीच खोल डुबते, आणि आता वेटोळी एकमेकांवर आपटण्याची शक्यता असते. शिवाय शॉकअपची लांबी तीच असल्यामुळे चाक खाली लटकण्याची जागा कमी होते. डाव्या-उजव्या बाजूतला पाच-दहा मिलिमीटरचा फरक काढायला चकती ठीक आहे, त्यापुढे तिची लायकी नाही.

वेटोळ्यांच्या मध्ये अडकवायचे रबरी बफर त्याहून वाईट. ते ज्या वेटोळ्यात बसतात ते जवळजवळ कामातून जातं आणि त्याचा भार शेजारच्यांवर पडतो. रबराखाली चिखल-पाणी साचून गंज धरतो तो वेगळाच.

टॉर्शन बारच्या गाड्यांत, म्हणजे जुनी थार किंवा जुनी सफारी, बोल्ट आवळून पुढची उंची वाढवतात. हेही त्याच जातीचं: बारचा सुरुवातीचा कोन बदलतो, कडकपणा नाही. थोडं आवळणं हा कंपनीनेच दिलेला बंदोबस्त आहे. फार आवळलं की बॉल जॉइंट तिरपे राहतात आणि लवकर जातात.

'कडक स्प्रिंग घातली, आता कितीही लादा'

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. गाडीचं कमाल वजन स्प्रिंग एकटी ठरवत नाही. ब्रेक, टायर, ॲक्सल, बेअरिंग, चासी, सगळे मिळून ते ठरवतात. जिम्नीचं उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचं रिकामं वजन सुमारे १२०० किलो आणि कमाल वजन १५४५. उरले ३४५. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० संपले. राहिलेल्या ६५ किलोंत लोखंडी बंपर, विंच, कॅरियर, पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणि माळशेजच्या वाटेवर लागणारा डबा, हे सगळं बसवायचं आहे. बसत नाही. ऑस्ट्रेलियात अशा मालकाला अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह कमाल वजनच अधिकृतपणे वाढवून घेता येतं. आपल्याकडे नुसत्या स्प्रिंग बदलून गाडीच्या कागदावरचा आकडा हलत नाही.

कायद्याचंही बघावं. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुल बार आणि क्रॅश गार्ड हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बसलेली गाडी मूळ उंचीला आणणं आणि तिला आणखी चार इंच वर चढवणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात गुरुत्वमध्य वर जातो आणि घाटातल्या वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते.

त्यामुळे पहिला इलाज फुकटचा: वजन उतरवणं. विंचची पोलादी दोरी काढून सिंथेटिक लावली तर नाकावरचे काही किलो लगेच कमी होतात. छतावरचं सामान खाली आत आणावं. वर्षातून दोनदा लागणारं सामान घरी ठेवावं. उरलेलं वजन कायमचं असेल तर त्या वजनासाठी बनवलेली स्प्रिंग घ्यावी. चांगल्या उत्पादकांच्या यादीत 'मूळ वजनावर अमुक ते अमुक किलो' असे टप्पे असतात आणि पुढचा-मागचा टप्पा वेगळा निवडता येतो. काट्यावरची चिठ्ठी इथे उपयोगी पडते. तार किंचित जाड झाली तरी फार फरक पडतो, हेही ध्यानात ठेवावं: बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली तर कडकपणा ३८ टक्के वाढतो. म्हणून 'एक नंबर जास्तच घेऊ' ही आपली आवडती काटकसर इथे नडते. नव्या स्प्रिंगला जोडीने शॉकअपही त्या मापाचे हवेत, नाहीतर उसळी आवरत नाही. सहलीपुरतं येणारं वजन असेल तर मागच्या स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी बरी. परत आल्यावर हवा कमी करता येते.

बसवून झाल्यावर काही शे किलोमीटरनी स्प्रिंग आपल्या जागी बसतात. तेव्हा पुन्हा चारही उंची मोजाव्यात, चाकांची अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटचा झोत खाली-वर झाला असेल तो नीट करून घ्यावा. काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या उंचीवरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडप असते. मागची बाजू उचलली की तिला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. ती झडप नव्या उंचीला जुळवून घेतली का, हे बिल देण्याआधी मेकॅनिकला विचारावं.