पॅनेलच्या पोटातली फिल्म

सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान मिळते, हे आता मालवण तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. धामापूरसारख्या गावात सौर पॅनेल घेणारा वॉट विचारतो, हप्ता विचारतो. काच आणि सेल यांना धरून ठेवणारी फिल्म कोणती, हे मात्र विचारत नाही. पंचवीस वर्षांचा भरवसा उभा असतो तो या फिल्मवर. सेलचे सिलिकॉन सहसा लवकर खराब होत नाही. आधी दगा देते ते त्याच्याभोवतीचे प्लास्टिक.

बहुतेक पॅनेलमध्ये ही फिल्म ‘ईव्हीए’ची असते. पावसाळी चपलांचे सोल बनतात तेच मूळ प्लास्टिक, फक्त पारदर्शक आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. ओल आणि उष्णता एकत्र आली की त्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सुटते. ते सेलवरच्या चांदीच्या रेषा आणि जोडपट्ट्यांचे सोल्डर कुरतडते. कोकणात चार महिने ओल मुरते आणि लगेच ऑक्टोबरचे ऊन पॅनेल साठ अंशांपर्यंत तापवते. या आम्लाला याहून सोयीचे हवामान शोधूनही सापडणार नाही.

‘पण सर्टिफिकेट आहे ना?’ आहे. आयईसी ६१२१५ या मानकात पॅनेल ८५ अंश तापमानात आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. म्हणजे सुमारे ४२ दिवस. मुळातच कच्चा माल बाजूला काढायला ही चाचणी उत्तम आहे, पण मालवणच्या पंचवीस पावसाळ्यांची हमी ती देत नाही.

प्रत्यक्ष छपरावर काय होते ते पाहा. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे १९८२ साली दहा किलोवॉटचा एक प्रकल्प बसवला गेला. त्याची पॅनेल पस्तीस वर्षांनी तपासली, तेव्हा बरीचशी अजून चांगली वीज देत होती. खरी गोष्ट पुढे आहे. पॅनेल एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची, एकाच छपरावरची. तरी काही जेमतेम थकलेली आणि काही बरीच खंगलेली. शोध घेतल्यावर फरक निघाला फिल्मच्या घटकांत. मला तर ही एकच नोंद शंभर जाहिरातींपेक्षा मोलाची वाटते.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या सौर संशोधन केंद्राने २०१३ पासून देशभर पॅनेलची पाहणी केली. उष्ण भागांतली पॅनेल लवकर ढासळतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छपरांवरच्या छोट्या संचांची अवस्था वाईट असते, असे त्यात दिसले. म्हणजे आपलीच.

उपाय उपलब्ध आहे. ‘पीओई’ फिल्म पाणी कमी शिरू देते आणि तिच्यातून हे आम्ल सुटत नाही. दोन्ही बाजूंना काच असलेले पॅनेल घेणार असाल तर तिचा आग्रहच धरा, कारण तिथे आम्लाला बाहेर पडायला वाट नसते. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ चाचणीही मागा. किनारी जिल्ह्यांसाठी या गोष्टी अनुदानाच्या अटींतच हव्यात. सरकारी पैसा पंधरा वर्षांत गंजणाऱ्या मालावर का जावा?

पॅनेल आधीच बसले असेल तर दर दिवाळीआधी खालून मागची शीट पाहा. पिवळेपणा, फुगे, भेगा दिसल्या तर हात लावू नका, करंट असू शकतो. फोटो काढा आणि लेखी तक्रार द्या. कागदावरची २५ वर्षे वीजक्षमतेची असतात. मालाची वॉरंटी बहुधा दहा-बारा वर्षांतच संपते.