कँडीचे बंदिवान : संत जुझे वाझ

धर्मप्रसाराचे नाव निघताच आरमार, तोफा आणि इन्क्विझिशनचे तुरुंग डोळ्यांपुढे उभे राहावेत, यात गोव्याचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला काही वावगे वाटणार नाही. परंतु त्याच गोव्यात, साष्टी प्रांतातील बाणावली गावी, २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेले जुझे वाझ, ज्या मुलखात राजसत्ताच त्यांच्या पंथाच्या मुळावर उठली होती तेथे निःशस्त्र आणि अनवाणी जाऊन जवळजवळ चोवीस वर्षे राबले, ही गोष्ट त्या चित्रात कोठेच बसत नाही.

तो मुलूख म्हणजे सिलोन. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून घेतल्यावर, हे नवे सत्ताधारीही ख्रिस्तीच असले तरी कॅल्व्हिनपंथी असल्यामुळे, कॅथलिक धर्मगुरूंना तेथे सक्त मनाई झाली आणि त्यांना थारा देणाराही गुन्हेगार ठरू लागला. गोरा पाद्री बंदरातच ओळखू आला असता. वाझ यांना त्यांचा सावळा वर्णच परवान्यासारखा उपयोगी पडला. १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, जुवांव नावाच्या एका सेवकासह, ते जाफन्यास उतरले ते अतिसाराने जर्जर होऊनच. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत आणि ती माळ पाहून कोणाची नजर बदलते एवढेच न्याहाळीत. कारण जेथे वर्षानुवर्षे उघड प्रार्थना बंद होती, तेथे कोणाला त्याचा धर्म विचारण्याचीही सोय नव्हती.

१६९२ मध्ये ते कँडीच्या स्वतंत्र राज्यात पोहोचले, तो पोर्तुगीजांचे हेर या वहिमावरून राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना कैदेत टाकले. तो काळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालविला. पुढे राजाचा संशय फिटला, आणि ख्रिस्ती सत्तेने हुसकावलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूला एका बौद्ध राजाच्या राज्यात मोकळेपणाने संचार करता आला. धर्माधर्मांतील सलोख्यावर हल्ली जी भाषणे होतात, त्यांत हा दाखला फारसा ऐकू येत नाही.

अवर्षणात वाझ यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, ही कथा चरित्रकार आवडीने सांगतात. आमचे मन मात्र १६९७ च्या देवीच्या साथीपाशी अधिक रेंगाळते. ज्यांना पळता आले ते पळाले आणि आप्तांनीच रोग्यांना रानात नेऊन टाकले, अशा वेळी वाझ झोपड्या उभारून, आपपर न पाहता, त्या रोग्यांना अन्न भरवीत, त्यांच्या जखमा धूत आणि मृतांना मूठमाती देत. साथीच्या भयाने शेजाऱ्याचे दार लावून घेणारा समाज आपणही नुकताच पाहिला असल्याने, या सेवेची किंमत आपल्याला निराळी समजावून सांगावी लागू नये.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे देहावसान झाले. संतपद मिळायला मात्र १४ जानेवारी २०१५ हा दिवस उजाडावा लागला. तो सोहळा रोममध्ये न होता पोप फ्रान्सिस यांच्या हस्ते कोलंबोत झाला, हे उचितच होते. पण त्यांच्या कार्याची खरी साक्ष आम्हांस दिसते ती त्यांच्या मागून गोव्याहून गेलेल्या ओरेटरी संघाच्या धर्मगुरूंत. त्यांच्यापैकी जाकोमे गोन्साल्विस यांनी सिंहलीत अशी ग्रंथरचना केली की, त्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते.