‘कशावरून ?’ – इतिहासाचा पहिला धडा

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात रोजगार हमी योजनेवर व्याख्यान चालू होते. ओघातच १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला, म्हणून विद्यार्थ्यांना विचारले, ‘‘या दुष्काळाविषयी माहिती मिळवायची झाली तर ती कोठून मिळेल ?’’ वर्ग काही क्षण स्तब्ध राहिला. मग पुढच्या बाकावरून उत्तर आले, ‘‘सर, आपण टिपणे देणार आहात ना ?’’

तास संपल्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी दाराशी घुटमळली. तिची आजी त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो, चाऱ्याअभावी सोडून द्यावी लागलेली बैलजोडी हे सारे आजीने तिला कितीदा तरी सांगितले होते. ‘‘मग वर्गात का बोलली नाहीस ?’’ असे विचारताच ती संकोचाने म्हणाली, ‘‘ते घरातले बोलणे, सर. ते इतिहासात थोडेच येते ?’’

हे वाक्य पुढे बरेच दिवस मनात सलत राहिले. ही मुलगी आळशी नव्हती की मठ्ठही नव्हती. चौथीपासून दहावीपर्यंत तिने इतिहास नेमाने शिकला होता व त्यात चांगले गुणही मिळविले होते. परंतु इतिहास हा कोठून तरी तयार होऊन पुस्तकात येतो, आपल्या घराचा व गावाचा त्याच्याशी काही संबंध नसतो, ही समजूत त्या शिक्षणाने पुसली नव्हती. उलट ती पक्की केली होती. ज्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ चा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला ज्या अनुभवाचा आधार मिळाला, त्या दुष्काळाची साक्षीदार तिच्या घरी चुलीपाशी बसली होती. तिची साक्ष काढता येते, हे मात्र नातीला कोणी सांगितले नव्हते.

या दोषाचे मूळ महाविद्यालयात शोधण्यात अर्थ नाही. ते प्राथमिक शाळेत आहे.

गोष्ट हवीच, पण तेवढीच नको

महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकविण्याची परंपरा आता अर्धशतकाहून जुनी झाली आहे. तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला प्रतापगड, आग्रा आणि पावनखिंड यांनी जी मोहिनी घातली, ती अन्य कोणत्याही धड्याला घालता आलेली नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी कौतुकाने ऐकावे असे पाठ्यपुस्तक दुसरे क्वचितच सापडेल. मुलांना गोष्ट नको, शुष्क ‘सामाजिक प्रक्रिया’ शिकवा, असे म्हणणाऱ्या पंडितांनी एकदा चौथीच्या वर्गात अर्धा तास उभे राहून पाहावे. गोष्टीवाचून या वयात इतिहास शिकविता येत नाही.

प्रश्न गोष्टीनंतर काय, हा आहे. गोष्ट संपताच शिक्षक फळ्यावर स्वाध्याय लिहितात : रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे द्या. कोण, कोठे, केव्हा, हे तीन प्रश्न वर्षभर विचारले जातात. चौथा प्रश्न, ‘कशावरून ?’, विचारला जात नाही. वास्तविक मूल स्वभावतः हाच प्रश्न विचारीत असते. ‘‘आजी, तू शिवाजी महाराजांना पाहिले होतेस का ?’’ या प्रश्नावर घर हसते. परंतु त्यात मुलाची विचारसरणी निर्दोष आहे. जी व्यक्ती एवढ्या खात्रीने सांगते आहे, तिने ते पाहिले असले पाहिजे, असा त्याचा तर्क आहे. आपण हसून त्याला गप्प करतो आणि इतिहासाच्या पहिल्या पायरीवरूनच त्याला परत पाठवितो.

त्याच प्रश्नाचे उत्तर एका सुतळीने देता येते. एका पिढीची पंचवीस वर्षे धरून सुतळीला गाठी माराव्यात. दोन गाठी मागे गेले की १९७२ चा दुष्काळ येतो. तेथे आजी उभी आहे. आणखी एक गाठ ओलांडली की स्वातंत्र्य येते. १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत पोहोचण्यास सुमारे चौदा गाठी लागतात. ‘साडेतीनशे वर्षे’ हा शब्द नऊ वर्षांच्या मुलाला अगम्य आहे. चौदा आज्या-पणज्यांची रांग त्याला डोळ्यांपुढे आणता येते.

तारखेची गोष्ट

‘कशावरून ?’ हा प्रश्न लहान मुलांना पेलणार नाही, असा आक्षेप हटकून घेतला जातो. मूर्त वस्तूंच्या आधारानेच या वयातील मूल विचार करू शकते, हे पियाजेचे प्रतिपादन त्यासाठी पुढे केले जाते. पण पुरावा ही मूर्त वस्तूच नव्हे काय ? कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला प्रामाणिक स्वरूपात शिकविता येतो, असे जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडले. आपल्याजवळ तर याची उत्तम सामग्री तयारच आहे.

शिवजयंतीच्या तारखेचा वाद घरोघरी ठाऊक आहे. पूर्वी शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७, ही जन्मतिथी मानली जात असे. पुढे जेधे घराण्याकडे जपून ठेवलेली एक शकावली उजेडात आली. शकावली म्हणजे कोणत्या वर्षी काय घडले याची नोंदवही. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी तिथी आढळली. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन काव्यातील उल्लेखानेही तिला दुजोरा मिळाला. विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालला आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने ही तारीख स्वीकारली.

एका घराण्याने पिढ्यान् पिढ्या एक वही सांभाळली आणि त्या वहीने पुस्तकातील तारीख बदलली, ही गोष्ट चौथीच्या मुलाला रुचणार नाही असे कोण म्हणेल ? राजवाडे वाळवीच्या तोंडी जाणारी दप्तरे शोधीत गावोगाव हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले; ही हकीकतही एखाद्या मोहिमेच्या वर्णनाहून कमी रोमहर्षक नाही. फक्त ती आपण मुलांना सांगत नाही.

एक पत्र आणि एक उंदीर

पुराव्याची चर्चा केली तर मुलांच्या मनातील आदर उणावेल, ही दुसरी भीती. ती बाळगणाऱ्यांनी महाराजांचे चिपळूणच्या छावणीसंबंधीचे पत्र आठवावे. पावसाळ्यासाठी घोडदळाची पागा त्या भागात राहावयाची होती. त्या अधिकाऱ्यांना दिलेली ही ताकीद आहे. साठविलेला दाणा-वैरण आत्ताच मनास येईल तसा उधळाल, तर पुढे तो मिळणार नाही आणि घोडी मरू लागतील. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नये. आणि शेवटी एक बारकावा येतो : रात्री दिवा जळता ठेवून निजू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळून जातील.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला या पत्राचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. मर्यादित साठ्याचे हंगामभर नियोजन, सैन्याच्या खर्चाचा बोजा उत्पादकावर न टाकण्याचा दंडक, बाजारभावाने खरेदीचा आग्रह, शेतकरी परागंदा झाला तर राज्याचा पायाच खचतो याची जाणीव. सारे त्या एका कागदात आहे. पण चौथीच्या मुलाला यातील एकही संज्ञा सांगण्याची गरज नाही. त्याला उंदीर समजतो, दिव्याची वात समजते, गवताची गंजी समजते. चार महिन्यांची वैरण दोन महिन्यांत संपविली तर पुढे काय, हे गणितही त्याला येते. हे पत्र ऐकल्यावर ‘महाराज रयतेची काळजी घेत’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही. मूल ते आपण होऊन म्हणते आणि ‘कशावरून?’ याचे उत्तरही देते. ज्या आदराला पुरावा देता येतो तो आदर अधिक टिकाऊ असतो.

घर आणि गाव

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ याने तिसरी ते पाचवीसाठी परिसर अभ्यासाची कल्पना पुढे ठेवली. आपल्या तिसरीच्या मुलांना जिल्ह्याची स्वतंत्र पुस्तकेही मिळत आली आहेत. दिशा योग्यच आहे. तथापि परिसर हा पुस्तकात वाचावयाचा विषय राहिला, तर पुस्तकाचे नाव बदलले एवढेच होईल.

गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला दगड असतो. त्यावर झुंजणारा वीर कोरलेला दिसतो, वरच्या चौकटीत तो स्वर्गी गेलेला दाखविलेला असतो. तो वीरगळ आहे, हे शाळेतील किती मुलांना ठाऊक असते ? अडगळीतील पायली, अधोली, शेर ही मापे. ‘चार आणे’ या शब्दात उरलेला १ एप्रिल १९५७ पूर्वीचा सोळा आण्यांचा रुपया. पंचवीस पैशांचे नाणे, जे २०११ साली व्यवहारातून गेले. ही सारी साधनेच आहेत. ज्या घरात कागदाचा कपटा नाही, तेथेही आठवण असते. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘घरातले बोलणे’ म्हणून ज्याची कोणी दखल घेतली नव्हती, त्यातूनच एवढा मोठा संग्रह उभा राहिला.

यात एक न्यायाचाही मुद्दा आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या नावे सनदा आहेत त्यांना इतिहासात आपले घर सापडते. ज्यांच्या पूर्वजांनी खडी फोडली, त्यांना ते सापडत नाही. माझ्या विद्यार्थिनीचा संकोच त्यातूनच आला होता.

एक गुण पुरे

शिक्षकांवर आणखी ओझे लादण्याचा हा प्रस्ताव नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे, शिवाय निवडणूक, गणना व नाना प्रकारची माहितीपत्रके भरावयाची, ही खेड्यातील शाळेची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मागणी अगदी लहान ठेवावी. वर्षातून एक धडा साधनाविषयी असावा. चिपळूणचे पत्र त्यासाठी पुरेसे आहे. वर्षातून एक तास गावातील एखाद्या वृद्धाला किंवा वृद्धेला शाळेत बोलवावे. मुलांनी प्रश्न विचारावेत. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर फारच उत्तम. तो का पडला, याचा शोध घेता येईल. आणि परीक्षेत एक प्रश्न ‘हे आपल्याला कशावरून कळले ?’ असा असावा. परीक्षेत जे विचारले जात नाही ते वर्गात शिकविले जात नाही, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अलिखित नियम आहे. मग तो नियमच एकदा सत्कारणी का लावू नये ?

हे न केल्यास काय होते, ते आज दिसतेच आहे. वर्गात येण्यापूर्वीच इतिहास मुलाच्या हातातील मोबाईलवर येऊन पोहोचतो. सन नाही, साधन नाही, लिहिणाऱ्याचे नाव नाही, आवेश मात्र भरपूर. ज्याला ‘कशावरून ?’ विचारण्याची सवय नाही, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. त्याने सर्वांवर विश्वास ठेवावा, नाही तर कोणावरच ठेवू नये. लोकशाहीला हे दोन्ही मार्ग सारखेच घातक आहेत.

त्या विद्यार्थिनीने पुढे आजीला विचारून चार पाने लिहून आणली. कामावर मजुरी किती मिळे, आठवड्याच्या बाजारात ज्वारी काय भावाने विकली जाई, सुकडी कशी शिजवीत, हे सारे त्यात होते. एका ठिकाणी आजीचा आकडा मला चुकीचा वाटला. तो तपासून पाहण्याचे काम तिने स्वतःहून अंगावर घेतले आणि ती ग्रंथालयात गेली. हा धडा तिने एकोणिसाव्या वर्षी गिरविला. नवव्या वर्षी गिरविता आला असता.