डीईएफ पातळी सेन्सरमधील बिघाडाचे निदान

डीईएफ पातळी सेन्सर हा डिझेल वाहनाच्या टाकीतील डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजेच डीईएफ, या द्रवाची पातळी मोजणारा संवेदक होय. या सेन्सरकडून चुकीचे माप आल्यास किंवा माप येणेच थांबल्यास दोष द्रवात, टाकीत, वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये की इंजिनाच्या नियंत्रकात (ईसीयू) आहे, हे क्रमाने ठरवण्याच्या प्रक्रियेस बिघाडाचे निदान म्हणतात. भारतातील वाहनचालक या द्रवाला सामान्यतः ‘युरिया’ म्हणतात.

पार्श्वभूमी

डीईएफ हे वजनाने ३२.५ टक्के शुद्ध युरिया व उरलेले क्षारविरहित पाणी यांचे द्रावण असून त्याची गुणवत्ता आयएसओ २२२४१ या मानकानुसार ठरते. ते निष्कास नळीत फवारले असता उष्णतेने युरियापासून अमोनिया तयार होतो. उत्प्रेरकाच्या सान्निध्यात अमोनियाची नायट्रोजन ऑक्साइडांशी अभिक्रिया होऊन नायट्रोजन व पाण्याची वाफ बनते. या पद्धतीस निवडक उत्प्रेरकी क्षपण किंवा एससीआर म्हणतात.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ (बीएस ६) मानके लागू झाली. अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस ४ मध्ये प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅम होती. बीएस ६ मध्ये ती स्थिर चाचणी चक्रासाठी ०.४ ग्रॅम झाली. त्यामुळे बहुतेक मालमोटारींत एससीआर यंत्रणा आवश्यक ठरली. डीईएफशिवाय वाहन चालवले जाऊ नये म्हणून युरो ६ वर आधारित या नियमांत टप्प्याटप्प्याने निर्बंधही घातले आहेत. प्रथम इशारा मिळतो, नंतर इंजिनाचे कमाल टॉर्क २५ टक्क्यांनी घटते आणि अखेरीस वेग ताशी २० किलोमीटरपुरता मर्यादित होतो. टाकी भरलेली असूनही सेन्सर ती रिकामी दाखवत असेल, तर भरलेली मालमोटार महामार्गावर अडकून पडू शकते.

सेन्सरची रचना

प्रचलित सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात.

तरंडी प्रकार: उभ्या नळीत लहान रीड स्विच व रोधकांची साखळी असते. चुंबकयुक्त तरंडी द्रवाबरोबर वर-खाली होते व जवळचा स्विच बंद करते. त्यानुसार परिपथाचा रोध पायरीपायरीने बदलतो.

श्राव्यातीत प्रकार: टाकीच्या तळाशी बसवलेला घटक ध्वनिस्पंद सोडतो. द्रवाच्या पृष्ठभागावरून तो परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून उंची काढली जाते. ध्वनीचा वेग तापमान व युरियाचे प्रमाण यांवर अवलंबून असल्याने तापमानाचे मापही सोबत घ्यावे लागते.

अनेक वाहनांत पातळी, तापमान व गुणवत्ता मोजणारे सेन्सर, शोषण नळी आणि तापक वेटोळे एकाच जोडणीत असतात. अशा वेळी एका भागाच्या संशयावरून पूर्ण जोडणी बदलावी लागते. म्हणून खर्च करण्यापूर्वी योग्य निदान होणे महत्त्वाचे ठरते.

बिघाडाची कारणे

पाणी उडून गेल्यावर युरियाचे पांढरे स्फटिक उरतात. ते तरंडी अडकवतात किंवा सेन्सरवर थर धरतात. युरियाचे द्रावण तांबे व पितळ यांना गंजवते, त्यामुळे कनेक्टरमध्ये शिरलेला थोडासा द्रवही पिनांचा संपर्क बिघडवतो. वायर घासली जाणे, अर्थची जोडणी सैल होणे आणि टाकीत चुकून डिझेल पडणे ही अन्य कारणे आहेत. डीईएफ उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. कोकणात ही वेळ येत नसली, तरी हिमालयीन राज्यांत जाणाऱ्या वाहनांत गोठलेल्या द्रवामुळे पातळीचे माप तात्पुरते अविश्वसनीय होऊ शकते.

टेमघर परिसरातील संदर्भ

टेमघर हा ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथील भाग कल्याण–भिवंडी मार्गावर असून मुंबई–नाशिक महामार्गावरील राजनोली नाका तेथून जवळ आहे. भिवंडी हे गोदामांचे मोठे केंद्र असल्याने या मार्गांवर मालमोटारींची वर्दळ असते. पावसाळ्यात भिवंडीच्या सखल भागांत पाणी साचते. अशा पाण्यातून गेलेल्या वाहनात प्रथम कनेक्टर तपासणे योग्य असते. उष्णतेमुळे द्रवाचे आयुष्यही घटते. आयएसओ २२२४१ नुसार साठवणुकीचे तापमान २५ अंशांपर्यंत असल्यास डीईएफ सुमारे १८ महिने टिकते, तर ३५ अंशांपर्यंत असल्यास सुमारे ६ महिने.

उल्हास नदीतून शहाड येथे उचललेले पाणी टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करून परिसरातील शहरांना पुरवले जाते. पिण्याचे शुद्ध पाणी आणि डीईएफसाठी लागणारे पाणी यांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार असणे स्वाभाविक आहे. डीईएफमध्ये मात्र कॅल्शियम व मॅग्नेशियम प्रत्येकी प्रति किलोग्रॅम ०.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. म्हणून नळाचे पाणी टाकून पातळी वाढवल्यास द्रावण पातळ होते आणि क्षारांमुळे उत्प्रेरकाची हानी होऊ शकते. शेतीसाठीचा निंबोळी लेपित युरिया पाण्यात विरघळवून वापरणेही याच कारणास्तव अयोग्य आहे.

दोषसंकेत

स्कॅनरवर दिसणारा संकेत निदानाची दिशा देतो. तो सुटा भाग बदलण्याचा आदेश नसतो.

• पी२०३ए – पातळी सेन्सरच्या परिपथात दोष
• पी२०३बी – माप अपेक्षित कक्षेबाहेर किंवा विसंगत
• पी२०३सी – संकेताचा विद्युतदाब कमी
• पी२०३डी – संकेताचा विद्युतदाब जास्त
• पी२०३ई – परिपथात अधूनमधून येणारा दोष
• पी२०३एफ – द्रवाची पातळी फार कमी

अवजड वाहनांत टाकीतील पातळीसाठी एसपीएन १७६१ हा क्रमांक येतो. त्यासोबतचा एफएमआय ३ वाढलेला आणि एफएमआय ४ घटलेला विद्युतदाब दर्शवतो. एफएमआय १, १७ व १८ हे मात्र पातळी कमी असल्याचे संकेत आहेत. पी२०३एफ किंवा हे तीन संकेत आल्यास सेन्सर खराब आहे असे गृहीत न धरता आधी टाकी पाहावी लागते.

निदानाचा क्रम

१. वाहन सपाट जागी उभे करून टाकीतील प्रत्यक्ष पातळी पाहावी. द्रव भरल्यावर काही वाहनांत माप लगेच बदलत नाही. इग्निशन बंद-चालू करून काही मिनिटे थांबावे लागते.

२. द्रवाचा नमुना तपासावा. रिफ्रॅक्टोमीटरवर ३२.५ टक्क्यांच्या आसपास प्रमाण दिसावे. तेलकट तवंग दिसल्यास डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा. प्रमाण योग्य दिसले तरी त्यावरून क्षारांची भेसळ कळत नाही.

३. दोषसंकेत नोंदवून ठेवावेत आणि स्कॅनरवरील चालू मापाची प्रत्यक्ष पातळीशी तुलना करावी. पातळी बदलूनही माप स्थिर राहिल्यास तरंडी अडकल्याची शक्यता असते.

४. कनेक्टर उघडून स्फटिक, हिरवट गंज, वाकलेल्या पिना व ओलावा पाहावा.

५. रोधकांच्या दोन-तारी सेन्सरमध्ये कनेक्टर काढून संकेत बदलतो का ते पाहावे. ‘विद्युतदाब कमी’ हा संकेत ‘जास्त’ झाला, तर नियंत्रक व वायरिंग बदल ओळखत असून लघुपरिपथ सेन्सरमध्ये असण्याची शक्यता बळावते. मुळातच ‘जास्त’ असल्यास वाहन उत्पादकाच्या विद्युत आराखड्यात तशी मुभा असेल तरच कनेक्टरमधील संकेत व परतीची तार जोडून तो ‘कमी’ होतो का ते पाहावे. संकेत न बदलल्यास दोष वायरिंग किंवा नियंत्रकात शोधावा.

६. कॅन जाळ्यावरील सेन्सरला वरील चाचणी लागू होत नाही. तेथे १२ किंवा २४ व्होल्टचा पुरवठा व अर्थ तपासावा. बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमधील रोध मोजावा. तो सुमारे ६० ओहम अपेक्षित असतो. १२० ओहम आल्यास एका टोकाचा रोधक किंवा तेथवरची तार तुटलेली असते, तर शून्याजवळचे माप लघुपरिपथ दर्शवते.

७. पुरवठा, अर्थ, वायरिंग व द्रव निर्दोष ठरल्यावरच सेन्सर बदलावा. त्यानंतर संकेत पुसून वाहन चालवावे आणि माप पुन्हा पडताळावे.

बगल देणारी उपकरणे

नियंत्रकाला खोटे माप पुरवणारी ‘इम्युलेटर’ उपकरणे दोष दूर करत नाहीत. इशारा व निर्बंध थांबतात, परंतु फवारा बंद राहिल्यास नायट्रोजन ऑक्साइडे प्रक्रियेविना हवेत जातात. हे वायू श्वसनमार्गास अपायकारक असून ओझोन व सूक्ष्म कणांच्या निर्मितीस हातभार लावतात. वायुप्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन करणारे वाहन चालवणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) नुसार दंडनीय अपराध आहे.

हेही पाहा

• निवडक उत्प्रेरकी क्षपण
• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• भिवंडी