पांढऱ्या सोन्यावरचं ‘रोडियम पॉलिश’

हौसेनं घेतलेली पांढऱ्या सोन्याची अंगठी वर्षा-दोन वर्षांत पिवळसर दिसू लागली की पोटात धस्स होतं. सराफानं फसवलं तर नाही ना? पण लगेच भांडायला जाऊ नका! बहुतेक वेळा सोनं अस्सलच असतं, झिजलेला असतो तो वरचा मुलामा. हा मुलामा ऱ्होडियम या धातूचा. सराफ त्यालाच ‘रोडियम’ म्हणतात.

१८०४ साली इंग्लंडमधील विल्यम वोलास्टन यांनी प्लॅटिनमच्या खनिजातून हा धातू वेगळा केला. धातू चांदीसारखा शुभ्र, पण त्याचे क्षार गुलाबी. म्हणून ग्रीक भाषेतल्या गुलाबावरून त्याचं नाव पडलं. हा हवेनं काळवंडत नाही, घामाला दाद देत नाही आणि सोन्याहून पुष्कळ कठीण असतो. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तर याला १९६४ अंश लागतात.

दुर्मीळ तर इतका, की जगात वर्षाला जेमतेम ३० टन निघतो, तोही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. त्यातला बहुतेक मोटारींचा विषारी धूर शुद्ध करायला लागतो. २०२१ मध्ये त्याचा भाव सोन्याच्या दहापटींहून वर गेला होता!

पण म्हणून हुरळून जाऊ नका. दागिन्यावरचा थर साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, पुष्कळदा त्याहूनही पातळ. मोडीत त्याचे पैसे येत नाहीत. तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

● घेताना हॉलमार्क पाहा. ‘७५०’ म्हणजे १८ कॅरट. हा आकडा आतल्या सोन्याचा, मुलाम्याचा नव्हे. पुन्हा पॉलिश करायला किती पडतील, तेही आधीच विचारून घ्या.

● भांडी घासताना, कणीक मळताना अंगठी काढून ठेवा.

● रोडियम केलेली चांदी राखेनं, दंतमंजनानं घासू नका. कोमट साबणपाणी आणि मऊ फडकं पुरे.

● मुलामा झिजल्यावर बोटाला खाज सुटली, तर पांढऱ्या सोन्यात मिसळलेलं निकेल सोसत नसेल. अंगठी काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

● अंगठी सैल-घट्ट करून घेतली, तर त्यानंतर पॉलिशही करून घ्या.

साडीचा फॉल झिजला म्हणून आपण साडी टाकतो का? नवा फॉल लावतो. पांढऱ्या सोन्याचंही तसंच!