स्लॅब टाकला की घर झालं?

30 मे 2024 रोजी नागपुरात 56 अंश तापमान नोंदल्याची बातमी देशभर फिरली. नंतर हवामान खात्याने खुलासा केला, की त्या केंद्रातला सेन्सर बिघडला होता. आकड्याचा गैरसमज असा खुलाशाने मिटतो. घराबद्दलचे गैरसमज मात्र चिवट असतात. त्यातला सगळ्यांत लाडका म्हणजे, टिन गेलं, स्लॅब पडला, की माणसाचं भागलं.

मे 2013 मध्ये शहराने खरेखुरे 47.9 अंश सोसले आहेत, तेव्हा उन्हाळ्याच्या हिशेबानेच हे तपासायला हरकत नाही. टिनाच्या खोलीत दुपारी थांबवत नाही, हे खरं. पण पत्रा पातळ असल्याने सूर्य मावळला की तो लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता धरून ठेवतो आणि रात्री, नेमकी झोपायच्या वेळी, ती खाली सोडतो. वरच्या मजल्यावरची मंडळी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात ती उगीच नाही. छताला पांढरा चुना फासला तरी ऊन परतवलं जातं आणि आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. हा उपाय स्वस्त आहे, पण पक्क्या घराच्या व्याख्येत तो कुठेच बसत नाही.

‘कूलर आहे ना!’ हे त्यावरचं ठरलेलं वऱ्हाडी-नागपुरी उत्तर. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, ती गार होते आणि खोलीत येते. पण आलेली दमट हवा बाहेर पडायला समोर दुसरी खिडकी लागते. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला चार फुटी गल्ली असेल, तर स्टँड मांडायला बाहेर जागाच नसते. मग कूलर आत येतो, तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि थोड्याच वेळात अंग चिकट होऊ लागतं. टाकीतलं पाणी वेळेवर बदललं नाही तर डेंग्यूचे डास घरातच वाढतात. घराच्या कागदावर चौरस फूट लिहिलेले असतात. खिडकी कुणाच्या भिंतीवर उघडते, हे लिहिलेलं नसतं.

दुसरा समज सरकारी बैठकांत जास्त आढळतो: वस्तीतल्या कुटुंबाला शहराच्या कडेला फ्लॅट द्या, प्रश्न संपला. अहमदाबादेत 1987 मध्ये विडी कामगार महिलांसाठी घरांची सोडत निघाली होती. घरं शहरापासून सुमारे 12 किलोमीटरवर. संशोधकांनी 14 वर्षांनी पाहिलं, तर घर लागलेल्यांपैकी 34 टक्के तिकडे कधी राहायलाच गेले नव्हते आणि 32 टक्के जाऊन परत फिरले होते. कामाची जागा लांब गेली, अडीअडचणीला धावणारं माणूस लांब गेलं. नागपुरातल्या पांढराबोडी वस्तीतून पायी धरमपेठेत जाऊन चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला शहराच्या कडेचा फ्लॅट देऊ केला, तर ती आधी ऑटोचं भाडं मोजेल आणि मग चौरस फूट. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 1991 मध्ये पुरेशा घराच्या सात कसोट्या सांगितल्या. त्यांत घराचं ठिकाण ही स्वतंत्र कसोटी आहे, आणि पहिलीच कसोटी आहे ती हुसकावलं न जाण्याच्या कायदेशीर हमीची.

आपल्याकडे ती हमी म्हणजे पट्टा, राहत्या जागेच्या हक्काचा सरकारी कागद. ‘पट्टे दिले की विकून मोकळे होतील, हे अतिक्रमणाला बक्षीस आहे’ हा तिसरा समज. अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सजवळ 1981 मध्ये काही कुटुंबांनी मोकळी जमीन व्यापली. पुढे काही मूळ मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले, त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्यांपैकी एकाला मालकीचा कागद मिळाला, दुसऱ्याला नाही. कागद मिळालेल्यांनी घरं सुधारली, त्यांची मुलं जास्त शिकली. उत्पन्न मात्र वाढलं नाही आणि बँकेचं कर्जही फारसं मिळालं नाही. पट्टा म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही त्यातून दिसलं.

नागपुरात वस्त्यांमधल्या लोकांनी बरीच वर्षं लावून धरल्यावर महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि महसूल खात्याच्या जमिनींवर पट्टेवाटप सुरू झालं. रेल्वेच्या, खासगी आणि झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींवरच्या वस्त्या मागे राहिल्या. फरक थेट पैशांचा आहे. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण जागा नावावर असेल तरच.

आणि बक्षीसच म्हणायचं तर ते फक्त झोपडपट्टीला मिळालेलं नाही. शहरातले ‘572’ आणि ‘1900’ या आकड्यांनी ओळखले जाणारे अनधिकृत लेआउट 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतले गेले. तिथे नोकरदारांचे, दुकानदारांचे दुमजली बंगले आहेत, आणि सुधार प्रन्यासच्या आर.एल. लेटरसाठी, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्रासाठी, त्यांनीही खेटे घातले आहेत. त्या कागदाशिवाय नकाशा मंजूर होत नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.